ध्रुवप्रदेश व महाराष्ट्र

पृथ्वीच्या उत्तर व दक्षिण टोकांभोवतीचे हिमाच्छादित प्रदेश आणि मराठी भाषिकांचा प्रदेश यांच्यात कोणतेही भौगोलिक सान्निध्य नाही. रत्नागिरी सु. १७° उत्तर अक्षवृत्तावर आहे, तर आर्क्टिक वृत्त ६६½° उत्तर येथे आहे. दोहोंमधील अंतर सु. ५,५०० किमी. भरते. असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभापासून उत्तर ध्रुव हा महाराष्ट्रातील वैचारिक वादाचा एक विषय झाला आणि १९८१ नंतर दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या भारतीय मोहिमांशी गोव्याच्या किनाऱ्याचा निकटचा संबंध आला. यांपैकी पहिला वाद वरवर पाहता हिमयुगाविषयीचा व वेदार्थाविषयीचा होता. परंतु त्याच्या मुळाशी या भूमीवर मूळचा कोण व बाहेरून आलेला कोण, हा प्रश्न होता. प्रस्तुत लेखात मुख्यतः या वादाचा व त्यानंतरच्या घटनांचा परामर्श घेतला आहे.

बर्फाची ओळख : कोकणच्या किनाऱ्यावर नैसर्गिक बर्फ आढळत नाही. वळवाच्या पावसातील गारा आणि महाबळेश्वराच्या परिसरात कडक थंडीच्या काही रात्री गोठणारे दव, एवढीच हिमाची प्रत्यक्ष ओळख येथील लोकांना होती. हिम, तुषार हे संस्कृत शब्द काव्यातून आणि हिमालयाच्या नावातून परिचित होते. व्यवहारात रुळलेला ‘बर्फ’ हा शब्द मात्र फार्सीतून आलेला आहे. व्यापाराची वस्तू म्हणून बर्फ मुंबईत आला तो अमेरिकेहून. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने आसपासच्या तळ्यांवर हिवाळ्यात साचणारा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात रचून जहाजाने दूरदेशी धाडण्याचा उद्योग उभारला होता. त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज मे १८३३ मध्ये १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि सु. चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सु. १०० टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबईसही असा बर्फ येऊ लागला आणि १८४३ च्या सुमारास तो साठविण्यासाठी तेथे वर्गणीतून बर्फघर बांधण्यात आले. जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एका मेजवानीत पाहुण्यांना प्रथमच आइसक्रीम मिळाले व दुसऱ्या दिवशी यजमानासह पुष्कळांना पडसे झाले, अशी कथा सांगतात. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर, म्हणजे १८८० नंतर, हा व्यापार संपुष्टात आला.

पुढे यांत्रिक मासेमारी वाढल्यावर कोकणात बर्फ ही चैनीची वस्तू राहिली नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून दूरच्या पाण्यात जाणाऱ्या नौकांना इंधनाइतकाच बर्फही आवश्यक असतो. शहरालगतच्या मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करून ती गोठविण्याचा व्यवसाय चालतो. परदेशी जाणारी गोठविलेली मासळी उणे १८° से. वा त्याहूनही खालच्या तपमानात ठेवावी लागते. मिरजोळ्यापासून थोड्याच अंतरावर, रत्नागिरी शहरातील टिळक आळीत, २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म झाला. जेथे बर्फ कारखान्यातच तयार करावा लागतो, अशा या दमट, उष्ण किनाऱ्यावर जन्मलेल्या पुरुषाने आपल्या पूर्वजांचे आद्य वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन करावे, ही घटना विलक्षण खरी; पण ती केवळ कल्पनेची भरारी नव्हती. तिला एकोणिसाव्या शतकातील तीन शास्त्रांचा आधार होता : भूविज्ञान, तुलनात्मक भाषाशास्त्र व ज्योतिष.

उपपत्तीची पार्श्वभूमी : युरोपचा मोठा भाग एके काळी हिमनद्यांखाली होता, हा विचार लुई आगासीझ याने १८४० मध्ये ग्रंथरूपाने मांडला व पुढील तीन-चार दशकांत तो सर्वमान्य झाला. त्याच काळात संस्कृत, फार्सी, ग्रीक, लॅटिन इ. भाषांच्या साम्यावरून त्यांच्या एका मूळ भाषेची व ती बोलणाऱ्या लोकांच्या मूलस्थानाची चर्चा चालू होती. हे मूलस्थान कोणी मध्य आशियात, कोणी जर्मनीत, कोणी स्कँडिनेव्हियात मानीत. बॉस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्ये एक ग्रंथ लिहून मानवजातीचे आद्य स्थान थेट उत्तर ध्रुवावरच नेऊन ठेवले. बॉस्टनचा बर्फ हिंदुस्थानात येऊन अर्धशतक झाल्यावर बॉस्टनहूनच ही कल्पनाही यावी, हा एक योगायोग. टिळकांनी वॉरन यांचे ऋण स्पष्टपणे मान्य केले आहे.

तिसरा आधार स्वदेशी होता. वैदिक वाङ्‌मयातील नक्षत्रविषयक उल्लेखांवरून कालनिर्णय करण्याची पद्धत मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातीलच दोघा विद्वानांनी जवळजवळ एकाच वेळी हाताळली. दापोली तालुक्यातील मुरूड येथील शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी शतपथ ब्राह्मणातील कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या अर्थाच्या उल्लेखावरून त्या भागाचा काळ इ. स. पू. सु. ३००० ठरविला, त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांनी १८९३ च्या ओरायन या इंग्रजी ग्रंथात वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा दाखवून ऋग्वेदाचा काळ इ. स. पू. ४००० च्याही मागे नेला. जर्मन पंडित हेर्मान याकोबी हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते. माक्स म्यूलर यांनी ऋग्वेदाला इ. स. पू. १२०० च्या आसपासचा काळ दिला होता. तेव्हा प्राचीनतेचा हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता, हे उघड आहे. जित राष्ट्राच्या संस्कृतीचे वय कोणी मोजावे व कोणत्या मापाने, याचाही तो प्रश्न होता.

सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या शिक्षेत सूट मिळावी म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत माक्स म्यूलर हे प्रमुख होते आणि त्यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत टिळकांना भेट म्हणून पाठविली होती. ज्याच्या कालनिर्णयाला टिळकांनी आव्हान दिले, त्याच्याच ग्रंथाने त्यांचे तुरुंगातील चिंतन शक्य झाले, हे त्या काळच्या विद्वत्संबंधांचे एक हृद्य उदाहरण होय. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटले. नव्या उपपत्तीची मांडणी याच वर्षी सुरू झाली होती. पण द आर्क्टिक होम इन द वेदाज हा ग्रंथ पुण्याहून प्रसिद्ध झाला तो १९०३ मध्ये, ताईमहाराज प्रकरणाचा ससेमिरा चालू असताना.

टिळकांची मांडणी : ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो व एकदाच मावळतो, म्हणजे तेथे सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र असते. पहाट कित्येक आठवडे टिकते आणि तिची प्रभा क्षितिजाभोवती चक्राकार फिरते. ध्रुवापासून थोडे दूर, पण आर्क्टिक वृत्ताच्या आत, एक दीर्घ रात्र, एक दीर्घ दिवस आणि मधल्या काळात नेहमीचे दिवसरात्र असा क्रम असतो. ही लक्षणे प्रथम निश्चित करून मग टिळक वैदिक वाङ्‌मयात त्यांच्या खुणा शोधतात. ऋग्वेदातील उषासूक्तांत उषा अनेकवचनी येते आणि सूर्योदयापूर्वी अनेक दिवस उलटल्याचा उल्लेख आढळतो. तैत्तिरीय संहितेत तीस उषांचे वर्णन आहे. तैत्तिरीय ब्राह्मणात मनुष्यांचे वर्ष हा देवांचा एक दिवस म्हटला आहे. गवामयन सत्र दहा महिन्यांत संपविण्यास दिलेली मुभा, नवग्व व दशग्व या यज्ञकर्त्यांची नावे, दहाव्या युगात वृद्ध झालेला दीर्घतमस् ऋषी, या सर्वांतून सूर्यदर्शनाचे महिने दहा अथवा त्याहून कमी असल्याची स्मृती उरली आहे, असे ते म्हणतात. प्राचीन रोमन वर्ष दहा महिन्यांचे होते, ही गोष्टही ते येथे जोडतात. वृत्राने कोंडलेले जल व इंद्राने केलेली त्याची मुक्तता ही कथा यास्कापासून पर्जन्यपर लाविली जात असे. टिळकांनी ती दीर्घ रात्रीच्या अंधारात अडकलेल्या प्रकाशाशी व अंतरिक्षीय जलाशी जोडली.

यांहून महत्त्वाचा पुरावा त्यांना अवेस्तातून मिळाला. वेन्दिदादच्या पहिल्या प्रकरणात अइर्यन वएज या आद्य भूमीवर अहरिमनाने हिवाळा लादल्याचे व तेथे दहा महिने थंडी असल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या प्रकरणात यिम राजा येणाऱ्या भीषण हिवाळ्यापासून प्राणिमात्रांच्या रक्षणासाठी एक वर, म्हणजे कोट, बांधतो आणि तेथील रहिवाशांना वर्ष हे एका दिवसासारखे वाटते. मूळची सुखकर भूमी हिमाने नष्ट झाली, असा अर्थ टिळकांनी यातून काढला व तो भूविज्ञानाशी जुळविला. शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाचे हवामान सौम्य होते, ही तत्कालीन समजूत त्यांनी स्वीकारली. हे हिमयुग केव्हा संपले याविषयी दोन मते होती. जेम्स क्रोल याच्या गणिताने तो काळ ८०,००० वर्षांपूर्वीचा ठरे. नायगरासारख्या धबधब्यांच्या झिजेवरून अमेरिकन भूवैज्ञानिकांनी तो सु. १०,००० वर्षांपूर्वीचा ठरविला होता. टिळकांनी दुसरे मत घेतले व पुढील कालपट आखला : इ. स. पू. १०,००० ते ८००० मूलस्थानाचा नाश, ८००० ते ५००० स्थलांतर, ५००० ते ३००० मृगशीर्षकाल, ३००० ते १४०० कृत्तिकाकाल.

या मांडणीवरील सर्वांत मूलगामी आक्षेप ज्योतिषातूनच येतो. मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो हे सूर्यसिद्धांतात सांगितले आहे. भास्कराचार्यांनीही गोलाध्यायात ते स्पष्ट केले आहे. भास्कराचार्यांनी आर्क्टिक प्रदेश पाहिला होता, असे कोणीच म्हणणार नाही. पृथ्वी गोल मानली आणि सूर्याचे उत्तर व दक्षिण गमन ठाऊक असले, की घरी बसून हा निष्कर्ष काढता येतो. तेव्हा देवांचा दिवस ही स्मृती की गणना, हा खरा प्रश्न आहे. टिळकांना याची पूर्ण जाणीव होती. तैत्तिरीय ब्राह्मणाच्या काळी असे गोलगणित नव्हते, म्हणून तो उल्लेख अनुभवाचाच असला पाहिजे, हे त्यांचे उत्तर. ते सर्वस्वी निरुत्तर करणारे नाही. उत्तरायण व दक्षिणायन यांना देवांचा दिवस व रात्र मानण्यास गोलगणिताचीही गरज नाही, वर्षाचे दोन भाग करण्याची सवय पुरेशी आहे. परंतु आपल्या सिद्धांताचा सर्वांत दुबळा सांधा कोठे आहे हे ओळखून लेखकाने त्यावर स्वतःच बोट ठेवावे, ही शिस्त नंतरच्या काळात त्यांच्या नावाने लिहिणाऱ्यांत क्वचितच दिसते. उषेच्या अनेकवचनाचा उलगडा सायणाचार्यांनी आदरार्थी बहुवचन किंवा रोज येणाऱ्या निरनिराळ्या उषा, असा केला होता. टिळकांना तो कृत्रिम वाटला. पुढील बहुतेक वेदाभ्यासकांना मात्र त्याच दिशेने जाणे अधिक सयुक्तिक वाटले आहे.

उपपत्तीचे राजकारण : ग्रंथात राजकारणाचा एक शब्दही नाही असे म्हटले तरी चालेल, तरीही त्याचा रोख लपत नाही. युरोपीय पंडितांच्या वर्णनातील आर्य हे बहुधा रानटी अवस्थेतील पशुपालक होते व संस्कृतीचा विकास त्यांच्या युरोपीय शाखेने केला. टिळकांनी हा क्रम उलटविला. त्यांच्या मते मूलस्थानीच आर्यांनी बरीच उन्नत अवस्था गाठली होती; हिमप्रलयानंतर युरोपात गेलेल्या शाखा रानटीपणाकडे घसरल्या, तर भारतीय व इराणी शाखांनी जुने संचित जपले. राज्यकर्त्यांशी रक्ताचे नाते मान्य करून त्यात वडीलकीचा मान मात्र आपल्याकडे घ्यावयाचा, असा हा युक्तिवाद आहे. साम्राज्याच्या ऐन बहराच्या काळात तो इंग्रजीत, युरोपीय वाचकांसाठी लिहिला गेला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पण या युक्तिवादाची किंमत घरी चुकवावी लागणार होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी या ग्रंथात आर्य ब्राह्मण हे इराणातून आलेले आक्रमक असून त्यांनी बळीराजाच्या प्रजेला, म्हणजे येथील मूळच्या शेतकरी समाजाला, दास केले असे मांडले होते. पूर्वज बाहेरून आले हे टिळकांच्या ग्रंथातही गृहीतच आहे. फक्त इराणच्या जागी आर्क्टिक आले. त्या आगमनाने ज्यांची भूमी व्यापली गेली त्यांचे काय झाले, हा फुल्यांचा प्रश्न मात्र टिळकांनी हाती घेतला नाही. माझ्या मते ग्रंथाची ही सर्वांत मोठी उणीव होय आणि पुढील सारा वाद तिच्याभोवतीच फिरत राहिला.

पुण्याचे नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहून आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूतच असल्याचे व आर्क्टिक ही त्यांची नंतरची वसाहत असल्याचे प्रतिपादिले. टिळकांचा पुरावा कायम ठेवून प्रवासाची दिशा तेवढी त्यांनी फिरविली. बंगालचे अविनाशचंद्र दास यांनीही १९२१ मध्ये सप्तसिंधूचाच पक्ष घेतला. याहून धाडसी तोडगा १९३९ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या, मा. स. गोळवलकर यांच्या नावावरील वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड या पुस्तकात आढळतो. हिंदू हे या भूमीवर अनादी आहेत असे म्हणावयाचे आणि टिळकांचा अधिकारही नाकारावयाचा नाही, हा पेच तेथे उत्तर ध्रुवच हलवून सोडविला आहे : ध्रुव स्थिर नसतो व त्या प्राचीन काळी तो आजच्या बिहार-ओरिसाच्या जागी होता, असे त्यात म्हटले आहे. पृथ्वीचा अक्ष भूपृष्ठाच्या संदर्भात सरकतो हे खरे. पण ते सरकणे वर्षाला काही सेंमी. इतकेच असते व दहा हजार वर्षांत ते एखाद्या किमी.च्या आसपास भरेल. युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने अग्राह्य असला, तरी ‘आगमना’चा मुद्दा किती अडचणीचा झाला होता, याचा तो बोलका पुरावा आहे.

दुसऱ्या बाजूने भी. रा. आंबेडकर यांनी या उपपत्तीची दखल हू वेअर द शूद्राज? (१९४६) या ग्रंथात घेतली. हा ग्रंथ त्यांनी फुले यांना अर्पण केला आहे. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड) व टिळकांचे चिखलगाव (ता. दापोली) ही दोन्ही एकाच रत्नागिरी जिल्ह्यातील आणि लगतच्या तालुक्यांतील होत. आंबेडकरांनी टिळकांच्या कल्पकतेची वाखाणणी केली आणि एकच साधा प्रश्न विचारला : वैदिक आर्यांच्या जीवनात व धर्मात अश्वाचे स्थान मध्यवर्ती आहे, ध्रुवप्रदेशात घोडा होता काय? नसेल, तर ही उपपत्ती डळमळीत होते. त्यांचा रोख आर्क्टिकपुरता नव्हता. वंशावर आधारलेल्या आर्य आक्रमणाचा सिद्धांतच त्यांना अमान्य होता. शूद्र हे जिंकलेल्या अनार्यांचे वंशज नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यामुळे फुल्यांचा वारसा सांगतानाही त्यांनी फुल्यांचे गृहीतक स्वीकारले नाही. ध्रुवाच्या निमित्ताने झालेल्या मराठी वादातील हा सर्वांत स्वतंत्र आवाज म्हणावा लागेल.

आजच्या संशोधनाने या सर्वच पक्षांच्या पुराव्यांत फेरबदल केले आहेत. शेवटचे हिमयुग सु. ११,७०० वर्षांपूर्वी संपले. म्हणजे क्रोलला सोडून अमेरिकन भूवैज्ञानिकांचा आकडा स्वीकारण्यात टिळकांचा निर्णय अचूक होता. परंतु त्या हिमयुगाचा आरंभ सु. १,१५,००० वर्षांपूर्वी झाला. सौम्य हवेचा आंतरहिमकाल त्याही आधीचा असल्याने, त्या काळच्या कोणत्याही स्मृती वैदिक भाषेपर्यंत पोहोचणे संभवत नाही. शिवाय उत्तर ध्रुवावर भूमी नसून खोल समुद्र आहे. सायबीरियातील याना नदीच्या काठी, ७१° उत्तर अक्षवृत्ताजवळ, सु. ३२,००० वर्षांपूर्वी माणसे राहत होती. पण ते हिमयुगातील शिकारी होते. रानघोडे त्या प्रदेशात होते असे अवशेषांवरून दिसते, तेव्हा आंबेडकरांच्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर होकारार्थी द्यावे लागेल. मात्र रथाला जुंपलेला माणसाळलेला घोडा, ज्याच्याविषयी ऋग्वेद बोलतो, तो इ. स. पू. सु. २२०० च्या पुढे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पसरला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. त्याच गवताळ प्रदेशातील लोकांचा अंश इ. स. पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियातील लोकसंख्येत मिसळल्याचे २०१९ च्या प्राचीन जनुकविषयक संशोधनात मांडले गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली राखीगढी येथे झालेल्या उत्खननातील एका सांगाड्यात हा अंश आढळला नाही, हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. या निष्कर्षांचा अर्थ लावण्यात अद्याप तीव्र मतभेद आहेत. आर्क्टिक मूलस्थानाला मात्र त्यांपैकी कोणत्याही बाजूने आधार मिळत नाही.

गोव्याहून अंटार्क्टिकाकडे : टिळकांच्या मृत्यूपूर्वी सहा महिने, ९ फेब्रुवारी १९२० रोजी, पॅरिस येथे स्वालबारविषयक तह झाला. त्याने आर्क्टिक महासागरातील त्या द्वीपसमूहावर नॉर्वेचे स्वामित्व मान्य करून करारात सामील देशांच्या नागरिकांना तेथे प्रवेशाचे व व्यवसायाचे समान हक्क दिले. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानच्या वतीनेही त्यावर सही झाली. पुढे २००८ मध्ये भारताने स्वालबारमधील नी-आलेसुन येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र स्थापिले, त्याला या तहाची पार्श्वभूमी होती.

दक्षिण ध्रुवाच्या बाबतीत भारताची भूमिका प्रथम बाहेरून आक्षेप घेणाऱ्याची होती. अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी मागणी भारताने १९५६ मध्ये व पुन्हा १९५८ मध्ये केली. हे खंड सत्तास्पर्धेपासून मुक्त राहावे व त्याचा उपयोग शांततेसाठी व्हावा, हा तीमागील हेतू होता. खंडावर हक्क सांगणाऱ्या देशांना ती रुचली नाही व चर्चा झाली नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करार केला, त्यात भारत नव्हता. या कराराने सात देशांचे प्रादेशिक दावे मान्यही केले नाहीत व फेटाळलेही नाहीत. ते होते तसे गोठवून ठेवले. निर्णयाचा अधिकार मात्र प्रत्यक्ष तेथे जाऊन भरीव संशोधन करणाऱ्या देशांनाच राहिला. तेव्हा या खंडाविषयी मत द्यावयाचे तर तेथे पोहोचणे भाग होते.

तशी पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. मोहिमेत २१ जण होते व नेते सय्यद झहूर कासिम हे होते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांनी पूर्वी भूषविले होते. जहाज ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेहून भाड्याने घेतलेले होते. मोहिमेविषयी गुप्तता पाळण्यात आली व ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकावर उतरल्यानंतरच बातमी जाहीर झाली. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला व १२ सप्टेंबर रोजी त्याला निर्णयाधिकार असलेल्या सदस्याचा दर्जा मिळाला. ज्या व्यवस्थेच्या मर्यादित स्वरूपावर भारताचा आक्षेप होता, तिच्या आत तो अशा प्रकारे जाऊन बसला. त्याच वर्षी मलेशियाने तोच आक्षेप संयुक्त राष्ट्रांत नव्याने उपस्थित केला, तेव्हा भारत करारपक्षाच्या बाजूस होता.

१९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभारण्यात आले. याच मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या : भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूर येथे झाला. औंध संस्थानच्या घराण्यातील मुत्सद्दी आप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. पुणे विद्यापीठाच्या पदवीनंतर हवाई व लंडन येथे शिक्षण घेऊन त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या होत्या. पुढे शिर्माकर ओअसिसमध्ये ‘मैत्री’ (१९८९) व लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ (२०१२) ही केंद्रे झाली. पहिले केंद्र नॉर्वेच्या व शेवटचे ऑस्ट्रेलियाच्या दाव्याखालील भूमीवर आहे. करारामुळे त्यासाठी कोणाचीच परवानगी लागली नाही. गंगोत्री, हिमाद्री ही नावे हिमालयाच्या पुण्यभूगोलातून उचललेली आहेत. अपरिचित हिमाला परिचित हिमाचे नाव द्यावयाचे, ही रीत टिळकांनी मेरूला ध्रुवावर ओळखले त्याच्या नेमकी उलट आहे.

मोहिमांची आखणी करणारी संस्था १९९८ मध्ये वास्को येथील हेडलँड सडा भागात स्थापन झाली. २०१८ पासून तिचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे आहे. ध्रुवप्रदेशातून छेदून आणलेल्या हिमाच्या दंडगोलाकार नमुन्यांचा अभ्यास येथील शीतप्रयोगशाळेत केला जातो. थरांत अडकलेली हवा, धूळ व क्षार यांवरून गतकालीन हवामानाचा अंदाज बांधता येतो. भारताने २०२२ मध्ये आपल्या मोहिमांच्या नियमनासाठी अंटार्क्टिक अधिनियम संमत केला.

टपाल खात्याच्या नोंदींत तर अंटार्क्टिका गोव्यामार्फत महाराष्ट्रालाच जोडलेले आहे. १९८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ येथे उघडलेले टपाल कार्यालय गोवा विभागाच्या अखत्यारीत होते आणि गोवा विभाग महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. तेथे पाठविलेल्या पाकिटांवर शिक्का मारून ती परत आणीत व तिकिटांचे संग्राहक ती जपून ठेवीत. पुढे ते केंद्र साचत्या बर्फाखाली गाडले जाऊन बंद करावे लागले आणि १९९० मध्ये टपाल कार्यालय ‘मैत्री’ येथे हलविण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये ‘भारती’ येथे आणखी एक कार्यालय सुरू झाले. त्याला प्रायोगिक म्हणून दिलेला सांकेतिक क्रमांक एमएच–१७१८ असा आहे.